तीन रंगांत भागवा

सिल्वासात कुठलाही प्रश्न फार दिवस अनुत्तरित राहत नसे. उत्तर द्यायला दोन गट सदैव कंबर कसून उभे असत. एक कचेरीतल्या सरकारी माणसांचा, दुसरा मसाटच्या कारखान्यांतल्या इंजिनीअरांचा. मी दोन्हींत नव्हते. नवऱ्याच्या बदलीमागून रत्नागिरीकडून आलेली आणि पाचवी-सहावीला गणित शिकवणारी बाई, एवढीच माझी ओळख होती. एम.एस्सी. केलेलं होतं, ते ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडलेलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. आमच्या शाळेत पुढच्या जूनपासून अकरावीचा वर्ग निघणार होता आणि त्याचं गणित मला हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं. मुख्याध्यापकांनी मला तसा शब्दही दिला होता. फक्त शाळा समितीच्या अध्यक्षांनी मान डोलवायची बाकी होती. हे अध्यक्ष मूळचे पुण्याचे, मसाटच्या एका कारखान्याचे मॅनेजर. जगातली कुठलीही अडचण नियोजनाच्या अभावातून येते, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते ऐकून घेणं हे शाळेच्या नोकरीतच धरलेलं होतं.

दिवाळीच्या आधी शिक्षकांच्या खोलीत रांगोळीच्या गप्पा चालल्या होत्या. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, समजा सगळी जमीन रंगवायची आहे. अट एकच, एकमेकांपासून बरोबर चार बोटं अंतरावर असलेल्या कुठल्याही दोन जागा एका रंगाच्या नकोत. तर कमीत कमी किती रंग लागतील? तीनमध्ये होत नाही, सातमध्ये नक्की होतं. चार, पाच, सहा की सात, यातलं खरं उत्तर अजून जगात कुणाला सापडलेलं नाही.

जगाला सापडलं नसेल, सिल्वासाला काय त्याचं! कचेरीतले एक पालक म्हणाले, "वरून कळवतील तसं करायचं. आपण कशाला डोकं चालवा?" आमलीचा रांगोळीवाला सातही रंगांच्या पुड्या पुढे सरकवत म्हणाला, "बेन, साते सात लई जाओ ने." आमचे विज्ञानाचे सर, ज्यांना अकरावीचा वर्ग माझ्याइतकाच हवा होता, ते गंभीरपणे म्हणाले, "अध्यक्षसाहेबांना विचारू या." आणि त्यांनी विचारलंही.

अध्यक्ष हसले म्हणे. "तीन रंग भरपूर झाले. दिवाळीच्या स्नेहसंमेलनात मी स्वतः काढून दाखवतो."

दाखवलं. शाळेच्या सभागृहात, सगळ्या पालकांसमोर. त्यांच्या पत्नीने घरून ठिपक्यांचा कागद आणला होता. जुन्या कॅलेंडरच्या पानाला उदबत्तीने भोकं पाडून केलेला, भोकं एकमेकांपासून चार-चार बोटांवर, एक ओळ दुसरीच्या अर्ध्यावर सरकवलेली. त्यावरून रांगोळीचा हात फिरवला की जमिनीवर ठिपके उमटत आणि शेजारचे तीन ठिपके जोडले की नेमका त्रिकोण होई. अध्यक्षांनी लाल, पिवळा, हिरवा असे ओळीने भरत नेले. कुठेच गल्लत झाली नाही. टाळ्या पडल्या. सरांच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

"काय मॅडम?" अध्यक्ष म्हणाले. "गणितज्ञांना कळवा आता. सिल्वासात सुटलं म्हणून."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको-नको म्हणत होते. मला ते दिसलं होतं. पण कागदाच्या भोकांतून पडलेल्या ठिपक्यांना हा माणूस सगळी जमीन समजत होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी खराट्याची चार बोटांची एक काडी तोडली आणि खाली बसले.

दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवून शंकरपाळा काढला. तीनच रंग असतील तर शंकरपाळ्याची दोन लांबची टोकं एकाच रंगाची होतात, दुसरा इलाजच नसतो. मग एका टोकापासून तसाच दुसरा शंकरपाळा काढला, पण थोडा तिरका. इतकाच तिरका, की दोघांच्या मोकळ्या टोकांमध्ये काडी नेमकी बसावी. म्हणजे ही दोन्ही टोकं एकाच रंगाची होणार, आणि मधल्या काडीमुळे तशी चालणार नाहीत. सात ठिपके, अकरा रेघा, सगळ्या एका लांबीच्या. "आता भरा," मी म्हटलं.

पांढरी पँट सावरत अध्यक्ष गुडघ्यांवर बसले. सहा ठिपके झटक्यात झाले. सातवा कुठल्याही रंगात बसेना. त्यांनी पुसून पुन्हा भरलं, मग दुसरीकडून सुरुवात केली, तरी एक ठिपका उरायचाच. पँटचे गुडघे हिरवे झाले. सभागृहात चिवड्याचा आवाजही बंद झाला.

मग ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "हे ठिपके कागदावर नाहीतच. आपल्याकडे अशी वाकडी रांगोळी कोणी काढतं का?"

सगळ्यांनी केवढा सुटकेचा निःश्वास टाकला! खरंच की, वाकडी रांगोळी! सणासुदीला! एका बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? सरांनी पुढाकार घेऊन माझे दोन्ही शंकरपाळे झाडूने पुसले आणि त्या जागी कमळ काढलं.

समितीची बैठक दिवाळीनंतर झाली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं हो. पण समितीचं म्हणणं पडलं की मॅडमना विषय येतो, जुळवून घेता येत नाही." अकरावी सरांना मिळाली. मी घरी जाऊन रडले. रागाने रडले.

पुढच्या वर्षी सहामाहीचा निकाल लागला आणि एका रविवारी अध्यक्ष आमच्या दारात उभे राहिले. त्यांची मुलगी अकरावीत होती, गणितात नापास झाली होती. सर फळ्यावर उदाहरण उतरवतात आणि पाठ करा म्हणतात, अशी तिची तक्रार.

"तुम्ही घरी शिकवा तिला," ते म्हणाले. मी चहा ठेवायला वळले, तेव्हा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशीचं मनात ठेवू नका. तीन रंगांत होत नाही, हे मला तिथेच कळलं होतं. इंजिनीअर आहे मी. पण सगळ्यांसमोर कसं म्हणणार?"

मी त्यांना चहा दिला. मग म्हटलं, "शिकवीन की. पण शाळेत, अकरावीच्या वर्गात, सगळ्यांसमोर."

त्यांनी चहा संपवला. मुलगी वापीला शिकवणीला जाऊ लागली. सिल्वासा सुटेपर्यंत मी पाचवीला अपूर्णांक शिकवत राहिले.