गुडघ्याला भंडारा

माझ्या किराणा दुकानात वाकून शिरणारं अणदुरातलं हे एकच गिऱ्हाईक. ह्याचीच उंची लेकीत उतरली. ती परदेशात पगारी बास्केटबॉल खेळते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हा घरी एकट्यानं सामना बघत नाही. माझ्या मोबाईलसमोर खंडोबाचा भंडारा चिमटीत धरून बसतो. तिनं उडी मारली की पुटपुटतो, "सावकाश उतर, माय."

काल ती समोरच्या संघातल्या दोघींच्या मधून उंच उडाली. त्यानं घाबरून पडद्यावरच्या तिच्या गुडघ्याला भंडारा लावला. बोट लागताच चित्र थांबलं आणि ती हवेतच राहिली. मी पुन्हा सुरू करायला गेलो, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या, मालक. वर हाय तवर गुडघा धड हाय."