गेटवरचा टॉवेल

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये आमच्या ओळीत गेटवर टॉवेल लटकला, की त्या घरचा माणूस नाइट शिफ्ट करून झोपलाय असं समजायचं. दूधवाला घंटी न वाजवता भांडं ठेवून जाई, मुलं क्रिकेट पुढच्या गल्लीत नेत. आईने हा कायदा जरा जास्तच मनावर घेतला होता. बाबा झोपले की कुकर बंद. वरण पातेल्यात शिजे आणि बहुधा कच्चंच राही.

मी अकरा वर्षांची होते. पैंजण काढून ठेवायची, धार वाजू नये म्हणून नळाखालच्या बादलीत फडकं टाकायची. तरीही बाबांचा डोळ्याला डोळा लागत नसे. दुपारी लाल डोळ्यांनी उठून ते आमच्यावर खेकसत. मला त्यांची भीती वाटे.

मग एका उन्हाळ्यात माझ्या हातून परात फरशीवर पडली. मी डोळे मिटून ओरडा खायला उभी राहिले, पण आतून हूं की चूं नाही. आई इतकी खूश झाली, की झोप सुधारल्याचं तिने माहेरी पत्राने कळवलं. दुसऱ्या दिवसापासून कुकर लागू लागला.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या उशाशी पाणी ठेवायला गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तांब्या स्टुलावर आदळला, तरी हलले नाहीत. वाकून पाहिलं तर डोळे टक्क उघडे. मला पाहून ते दचकले.

"बाबा, तुमाले आवाज नाही आला?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "कानात मिल चालूच रायते वं माय. घरी आलो तरी बंद नाही होत. झोपू कसा?"

रोलिंग मिलमध्ये डोक्यावरून क्रेन लोखंड घेऊन जाते, तेव्हा घंटी वाजते आणि खालच्यांनी बाजूला व्हायचं असतं, हे बाबांनीच आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. कानात घालायला बोळे मिळत. पण ते घातले तर घंटी कशी ऐकू येणार, म्हणून त्यांच्यासोबत काम करणारी सगळी गँग ते खिशातच ठेवी. घंटीसाठी उघडे ठेवलेले कान मिलच्या आवाजाने गेले, आणि आता घंटीच ऐकू येत नव्हती.

संध्याकाळी बाबा अंगणात बसले असताना मी पाठीमागून माझ्या सायकलची घंटी वाजवली. त्यांनी मान वळवली नाही. मी आईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. कारखान्याच्या तपासणीत कळलं तर मिलमधून काढून कुठेतरी गेटवर पहाऱ्याला बसवतील आणि बाबांना ते सोसणार नाही, म्हणून कुठे बोलू नको, असं तिने मला बजावलं. तिचा मला भयंकर राग आला.

पण शेजारच्या काकांना तिनेच सांगितलं. ते बाबांच्याच गँगमध्ये. नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मी हाओ ना. घंटी वाजली का त्याच्या खांद्यावर हात मारतो. कायले भेता?"

काकांच्या त्या हातावर भरवसा ठेवून मी पुढचे काही दिवस पोटभर जेवले.

मग एकदा दुपारी शाळेतून येताना दोघं पुढे दिसले. सेकंड शिफ्टला निघालेले, सायकली जोडीने, सगळा रस्ता अडवून. मी मागून घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. समोरून येणारी बाई बाजूला झाली. बाबांनी वळून पाहिलं नाही. काकांनीही नाही.

रस्त्याच्या कडेने कशीबशी पुढे जाऊन मी सायकल आडवी घातली.

"काका, तुमालेबी घंटी ऐकू येत नाही."

काकांनी मान खाली घातली. "मले माहीत हाय," ते म्हणाले. त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"काय म्हने तो?" बाबांनी मला विचारलं.

मी सायकलचं हँडल घट्ट धरून ठेवलं. शिफ्टला उशीर होत होता, म्हणून माझी सायकल बाजूला करून दोघं निघून गेले.