माझा कारखाना आणि सुभाषरावांची बस

एका कारखान्यात माझी मालकी आहे, हे मी मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत जाहीर केलं. तोवर मी स्वतःही ते विसरलेलो.

आम्ही डोंबिवलीत, कोपरला राहतो. होणारे व्याही सुभाषराव मोहन्याचे. शहाडजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर. मुलांनी आपलं सगळं आधीच ठरवलेलं, आम्ही मोठ्यांनी फक्त सुरळीच्या वड्या संपवायच्या होत्या. तेवढ्यात सुभाषरावांनी कारखान्याचं नाव घेतलं आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

"तुमच्या कंपनीचा स्टॉक आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

"म्हणजे शेअर?"

असा प्रश्न मला विचारू नये. (मला काहीच विचारू नये, असं आमच्या हिचं मत आहे.) मी उठून उभाच राहिलो आणि फरक समजावला. स्टॉक म्हणजे कंपनीतली मालकी, सरसकट. शेअर म्हणजे त्या मालकीचा मोजता येणारा एकेक तुकडा. 'मी भाकरी खाल्ली' म्हणणं वेगळं आणि 'चतकोर खाल्ला' म्हणणं वेगळं! आणि समोरची माणसं कौतुकानं ऐकत असताना चतकोर कोण सांगतो?

माझ्याकडे एकच शेअर होता. मोबाइलवर खरेदी कशी करतात ते शिकताना बटण दाबलं गेलेलं.

सुभाषरावांनी बशी खाली ठेवली. "साहेब, एक काम होतं." शहाड स्टेशनहून कामगारांना नेणारी कंपनीची बस बंद होणार, असं कानावर आलेलं. त्यांचा गुडघा कामातून गेलेला आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी. मालकांच्या सभेत मी दोन शब्द बोललो तर फार बरं होईल, म्हणाले.

ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हणालो, "बघतो की!"

ही वार्षिक सभा हल्ली घरबसल्या संगणकावर होते. आधी नाव नोंदवलं तर तीन मिनिटं बोलताही येतं. अगदी एक शेअर असला तरी. मी नोंदवलं. सभेच्या दिवशी सुभाषराव इस्त्रीचा शर्ट घालून, सहकुटुंब आमच्या हॉलमध्ये हजर! मी कोट चढवलेला. माझा नंबर आला. सभा चालवणाऱ्या बाईंनी आधी नाव, गाव आणि कंपनीत आपलं किती आहे ते विचारलं.

नाव, गाव सांगून मी म्हणालो, "स्टॉक आहे माझ्याकडे."

"हो सर. शेअर किती?"

मी कोटाचं बटण चाचपलं.

"एक."

मुलीनं डोळे मिटले. लग्न होईल, पण आपली अब्रू गेली, हे मला कळून चुकलं. मग मागून सुभाषरावांचा आवाज आला, अगदी हळू. "बोला ना. अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्याकडे तर तो एकही नाही."

मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच हातवारे न करता. गुडघा, बस आणि स्टेशनपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता. 'नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं आणि माझी तीन मिनिटं संपली.

बस अजून चालू आहे. ती माझ्यामुळे, असं कोणी म्हणत नाही. लग्नानंतर सुभाषरावांनी मोबाइलवरचं ते बटण कसं दाबतात हे माझ्याकडूनच शिकून घेतलं आणि दोन शेअर घेतले. आता कारखान्यात त्यांची मालकी माझ्या दुप्पट आहे. मला साहेब म्हणणं त्यांनी सोडलंय. मीच त्यांना म्हणतो. पुढच्या सभेत ते स्वतः बोलणार आहेत, आमच्याच हॉलमधून.

माझ्याकडून त्यांना फक्त कोट हवाय.