अळीची वाट

डोरीन गिटिन्स आधी भोक बघतात, मग चित्र.

जुन्या छापचित्रांच्या दुकानात शिरलेले दुसरे कोणतेही गिऱ्हाईक चित्र हातात घेऊन घर कोणाचे, गाव कोणते, रंग मागाहून भरला आहे का, हे पाहते. डोरीन कागद उजेडासमोर धरतात आणि आभाळात, धुराड्यांच्या वर कुठेतरी, टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र शोधतात. नसले तर आभार मानून बाहेर पडतात. असले तर पर्समधून एक पारदर्शक कागद निघतो. त्यावर शाईचे अठ्ठावीस ठिपके आहेत, प्रत्येकाशेजारी आकडा. ठिपके जवळजवळ एका रेषेत, उजवीकडे जरासे घसरत जाणारे. बावीस आणि चोवीस यांच्यामधली जागा तेवढी मोकळी. श्रॉपशायर आणि हेरफर्डशायरमधल्या प्रत्येक विक्रेत्याने हा कागद कधी ना कधी पाहिला आहे. पाठीमागे ते डोरीनना 'भोकवाल्या बाई' म्हणतात. तोंडावरही म्हणतात.

यामागची हकिगत १९७१ सालची आहे. डोरीन तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या आणि मार्टलफर्डच्या सार्वजनिक वाचनालयात मदतनीस होत्या. वरच्या खोलीत १८१९ साली छापलेले एक मोठे पुस्तक होते. मजकूर जवळजवळ नाहीच. जिल्ह्यातली जुनी घरे आणि गावे यांची तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली बेचाळीस चित्रे आणि प्रत्येकाखाली एक ओळ. महिन्यातून एकदा ते पुसणे हे डोरीनचे काम होते. पुठ्ठ्यातून आत शिरलेल्या एका अळीने पहिली एकोणतीस चित्रे भोसकली होती आणि तिथे ती मेली असावी. पुसता पुसता डोरीन त्या भोकात पेन्सिलीचे टोक घालून पाहत.

"याला कसर लागलीय," मुख्य ग्रंथपाल म्हणाले. "शेजारच्या पुस्तकांत जाईल. बाजूला काढ."

डोरीननी पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारला, पुस्तक खोक्यात ठेवले आणि सुतळी बांधली. शनिवारी एक विक्रेता खोके घेऊन गेला. अख्ख्या पुस्तकापेक्षा सुट्या बेचाळीस चित्रांचे जास्त पैसे येत. त्याने शिवण कापली, पुठ्ठे टाकून दिले आणि चित्रे विकली. त्या काळात हा धंदा राजरोस चाले. डोरीनना त्याचे काही वाटले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी बस डेपोतल्या क्लिफ गिटिन्स नावाच्या मेकॅनिकशी लग्न केले.

१९८४ मध्ये त्या लेमस्टरला दाढ काढायला गेल्या. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, माशांच्या टाकीवर, ॲस्टर्ली हॉलचे चित्र टांगलेले होते. हे घर १९५३ साली पाडले. तिथल्या स्वयंपाकघरात डोरीनच्या आईने नऊ वर्षे भांडी घासली होती. चित्रातल्या आभाळात भोक होते. दाढ काढून झाल्यावर, अर्धे तोंड बधिर असताना, डोरीननी त्या चित्राच्या बदल्यात डॉक्टरांना जहाजाचे एक मोठे चित्र देऊ केले. डॉक्टरांना जहाजे आवडत.

आईने चष्मा लावून पाहिले. "ही हरणं कुठली? इथं कपडे वाळत घालायची दोरी होती." मग तिने तळघराच्या एका खिडकीवर बोट ठेवले. "इथं मी." आणि थोड्या वेळाने, "बाकीची चित्रं कुठायत?"

"विकली गेली."

"असं पुस्तक कुणी टाकून दिलं?"

"मी," डोरीन म्हणाल्या.

आईने चष्मा काढला आणि चहा ठेवायला उठली. त्या विषयावर दोघींचे पुन्हा बोलणे झाले नाही. पण पुढच्या बुधवारी डोरीन श्रूजबरीच्या बसमध्ये बसल्या. डेपोतल्या कामगाराच्या बायकोला बसचा पास फुकट असे आणि बुधवारी वाचनालय दुपारी बंद होई. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होते. तेच पुस्तक, त्याच बेचाळीस पानांचे, परत त्याच कपाटात.

तशीच दुसरी प्रत विकत घेणे सोपे होते. क्लिफने तसे सुचवलेही. "अगं, चित्रं तीच ना?"

"तुझी बस हरवली तर दुसऱ्या डेपोतली आणून लावशील?"

"लावीन की."

"म्हणून तुला बढती मिळाली नाही."

भोकाची चित्रे भोकावरून ओळखायची. तिसाव्यापासून पुढच्या चित्रांत भोक नव्हते, पण खालच्या कोपऱ्यात ओलीचा, माणसाच्या कानाच्या आकाराचा डाग होता. नववे चित्र एका वकिलाच्या संडासात सापडले. चौतिसावे कुणीतरी दिव्याच्या छत्रीवर चिकटवले होते, ते सोडवायला तीन आठवडे लागले. सतरावे एका पबच्या मालकाने द्यायचे नाकारले. डोरीन सहा वर्षे दर नाताळात त्याला फ्रूटकेक पाठवत राहिल्या आणि सातव्या वर्षी त्याच्या बायकोने चित्र काढून हातात दिले. मालकाला मुळात फ्रूटकेक आवडत नव्हता. २००९ पर्यंत एक्केचाळीस चित्रे जमली. क्लिफने त्यांच्यासाठी ओकची पेटी केली.

उरले तेविसावे, पुलावरून दिसणारे मार्टलफर्ड गाव. हेरफर्डच्या पुस्तकबांधणीकार हेस्टर ब्लंट यांनी एक्केचाळीस पाने शिवायला साफ नकार दिला होता. "शेवटचं मिळालं की तुम्ही उसवायला याल," त्या म्हणाल्या. "बेचाळीस आणा." वाचनालय आता गावातले स्वयंसेवक चालवत होते. त्यांनी वरच्या खोलीतले काचेचे कपाट रिकामे ठेवले होते, पण दर वार्षिक सभेत कोणीतरी त्यात क्रिकेटचे चषक ठेवावेत असे सुचवत असे. सात वर्षे डोरीननी तेविसाव्या चित्राच्या एकोणीस प्रती उजेडासमोर धरल्या. त्यांतली एकही त्यांची नव्हती.

मार्च २०१६ मध्ये, एका गुरुवारी, डेस्मंड थर्लबी यांचा फोन आला. हे चेल्टनमचे मोठे विक्रेते. बाविसावे चित्र डोरीननी त्यांच्याकडूनच घेतले होते.

"डोरीनबाई, तुमचं तेवीस सापडलं. भोकासकट. शनिवारी तुमच्याच गावच्या जत्रेत घेऊन येतोय."

जत्रा म्हणजे धान्यबाजाराच्या जुन्या हॉलमध्ये वर्षातून एकदा भरणारा नकाशे आणि छापचित्रांचा बाजार. शनिवारी दहाला दार उघडले तेव्हा डोरीन आणि क्लिफ रांगेत पहिले होते. थर्लबींनी टेबलावर पांढरा टीपकागद पसरून त्यावर चित्र मांडले होते. हातभर लांब, मधोमध जुन्या घडीची रेघ, आणि उजव्या अर्ध्या भागात, चर्चच्या मनोऱ्यावरच्या आभाळात, भोक. डोरीननी ठिपक्यांचा कागद वर ठेवला. भोक बरोबर बावीस आणि चोवीसच्या मध्ये आले.

शेजारच्या टेबलावर नकाशे विकणाऱ्या ऑल्विन प्रीस मान लांब करून पाहत होत्या. "झालं गं बाई! आता उरलेलं आयुष्य काय करणार? विणकाम?"

"भोकांचंच असतं तेही," क्लिफ म्हणाला.

 डोरीननी चित्र उलटे केले आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. कड बोटाला लागली. अळी कागद खाते, ढकलत नाही. तिच्या भोकाला कड उचललेली नसते. मग त्यांनी चित्राचा डावा अर्धा भाग पाहिला. तिथे आभाळ सलग होते.

हे चित्र इतके लांब की पुस्तकात ते घडी घालून बांधलेले होते. डोरीननी ते कितीदा तरी उघडले होते आणि दर वेळी त्याचे टोक टेबलाबाहेर गेले होते. अळीला घडी कळत नाही. ती सरळ जाते. घडीच्या एका पदरातून गेली तर दुसऱ्यातूनही जाणार, आणि कागद उलगडला की घडीपासून सारख्याच अंतरावर दोन्हीकडे एकेक भोक दिसणार. ही गोष्ट डोरीन कुणाला बोलल्या नव्हत्या आणि कागदावरही त्यांनी ती मांडलेली नव्हती. ठिपके पाहून तेविसाव्या भोकाची जागा कोणालाही काढता आली असती. थर्लबींनी ती अचूक काढली होती. पण एकच.

"काय मग?" थर्लबी म्हणाले. "बांधून देऊ?"

"बघते जरा," डोरीन म्हणाल्या. त्यांची नजर थर्लबींच्या मागच्या पडदीवर गेली. तिथे तेच दृश्य अक्रोडी चौकटीत लावलेले होते. चिठ्ठीवर 'निर्दोष प्रत' आणि दोनशे साठ पौंड. "ते काय आहे?"

"ते तुमच्या कामाचं नाही हो. त्यात एकही भोक नाही."

"म्हणूनच. आयुष्यात एकदा तरी धड चित्र घेऊन बघावं म्हणते. चौकटीतून काढा."

"मागून बंद केलेलं आहे."

क्लिफने खिशातून चाकू काढून पुढे केला. ऑल्विन प्रीस खो-खो हसल्या. चारचौघांत नाही म्हणणे थर्लबींना जमले नाही.

हॉलला पूर्वेकडे उंच खिडक्या आहेत. गिटिन्स दांपत्याने चित्र दोन टोकांना धरून उजेडात नेले. "जरा वर," डोरीन म्हणाल्या. "थांब." मनोऱ्याच्या वरच्या आभाळात एक ठिपका दिसत होता, आजूबाजूच्या कागदापेक्षा किंचित गडद. डावीकडे, बिअरसाठी जवाला मोड आणतात त्या कोठाराच्या छपरावरच्या आभाळात, दुसरा. कुणीतरी फार कसबी माणसाने कागदाचा लगदा भरून ती जागा बुजवली होती.

"क्लिफ, पट्टी."

क्लिफच्या खिशात स्टीलची पट्टी कायम असते. त्याने घडीच्या रेघेपासून मोजले. "पावणेसात इंच."

"तिकडे?"

"पावणे..." क्लिफला एकदम खोकला आला. तो बराच वेळ खोकला.

"भिंतीचं माप घेताय की काय?" टेबलामागून थर्लबींनी विचारले.

"हो. जिन्यापाशी लावायचंय," डोरीन म्हणाल्या.

त्यांनी घासाघीस केली नाही. बत्तीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होते आणि थर्लबींना निदान तेव्हा तरी शंका यायला हवी होती. त्यांनी पावती लिहिली: 'पुलावरून मार्टलफर्डचे दृश्य, निर्दोष प्रत.' डोरीननी ती वाचली, पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. क्लिफ चित्र घेऊन गाडीकडे निघून गेला.

"आणि याचं काय?" थर्लबींनी भोकाचे चित्र पुढे सरकवले.

"याचं दुसरं भोक कुठाय?"

"दुसरं कशाला?"

डोरीननी तो कागद त्याच्या जुन्या घडीवर दुमडला आणि भोक थर्लबींच्या डोळ्यांसमोर धरले. भोकातून पलीकडच्या पदराचा कोरा कागद दिसत होता. "अळी इथून आत आली. मग या पदराला वळसा घालून गेली का? की तिला पुढचं काम होतं?"

आधी ऑल्विन प्रीसना उमगले. त्या हसता हसता नकाशांच्या उघड्या खणावर बसल्या आणि खण बंद झाला. "अहो डेस्मंड, सुई कितव्या नंबरची वापरलीत?"

"मला हे असंच मिळालं," थर्लबी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"असेल," डोरीन म्हणाल्या. "ज्याने केलं त्याला सांगा, मागून कड घासायची राहिली. आणि तुमच्या निर्दोष प्रतीत दोन भोकं आहेत. बुजवलीत मात्र सुरेख."

थर्लबींनी ते चित्र एकदा पाहायला मागितले. क्लिफ तोपर्यंत गाडीत बसून आतून दारे लावून घेत होता.

बातमी टेबलाटेबलावरून डोरीनच्या आधी चहाच्या काउंटरवर पोचली. मार्टलफर्डमध्ये लोक ऊठसूट टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजवल्या, आणि ज्यांनी डोरीनना गेली तीस वर्षे भोकवाल्या बाई म्हटले होते त्यांनी सर्वांत जोरात. डोरीननी बेकनचा पाव उभ्याउभ्या खाल्ला. क्लिफसाठी एक बांधून घेतला.

सोमवारी त्या हेरफर्डला गेल्या. हेस्टर ब्लंट यांनी भिंगातून तेविसावे चित्र पाहिले. "बुजवण्याचं काम फार छान झालंय. तसंच राहू दे ना?"

"उघडा."

"अहो, चाळीस वर्षं मी भोकं बुजवतेय."

"मग कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला माहीत असेल."

ओल्या कुंचल्याने लगदा मऊ झाला आणि चिमट्याने निघाला. कागद सुकल्यावर पहिली एकोणतीस चित्रे क्रमाने रचली, तेविसावे घडी घालून. क्लिफने डेपोतून आणलेली तांब्याची बारीक तार पहिल्या चित्राच्या भोकात सोडली. ती जराशी तिरकी, कुठेही न अडता खाली गेली आणि एकोणतिसाव्याखाली टेबलाला टेकली.  मग हेस्टर ब्लंट यांनी शिवायचा दोरा काढला.

पुस्तक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या खोलीत परत आले. शिक्का मारलेले पहिले पान काही सापडले नाही. डोरीन त्याच्या मागावर नाहीत. त्या दर मंगळवारी वाचनालयात बसतात. गेल्या हिवाळ्यात एक नव्या स्वयंसेविका पुस्तक छातीशी धरून खाली आल्या.

"डोरीनबाई, याला कसर लागलीय. बाजूला काढू का?"

डोरीननी मान वर केली नाही. "ती अळी कधीच मेली. पुस्तक जागेवर ठेवा, आणि कपाटाची किल्ली इकडे द्या."