ओंजळीतली हिरवी बांगडी

देवाला मी मानते, पण हे साक्षात्कार वगैरे... छे! कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. आता स्वतःच सांगायला बसलेय, हसा खुशाल.

खोडाळ्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान, शेजारी हमीदाचं बांगड्यांचं. माझी सहा वर्षांची तनू शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे आणि स्वतः हमीदाच्या मांडीवर! खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. हमीदाने तिला एक हिरवी बांगडी दिली, ती पोर झोपतानाही काढेना. शेवटी मीच ती झोपेत काढली, हमीदाला गुपचूप परत केली आणि तनूला सांगितलं, हरवली.

मग भातकापणीच्या दिवसांत तनूला ताप चढला. जव्हारच्या दवाखान्यात दोन दिवस शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, "आता वाट बघायची." मी तिच्या कानाशी रामरक्षा म्हणत बसले... घसा बसेपर्यंत. खाटेजवळून हलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तिने डोळे उघडले. छताकडे बघत म्हणाली, "माझी बांगडी हरवली नाहीये. हमीदामावशीच्या ओंजळीत आहे. मावशी रडतेय, मला हाका मारतेय."

बांगडी परत केल्याचं आम्हा दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं — अगदी यांनाही नाही.

घरी आल्यावर हमीदाला आडून आडून विचारलं. ती ओशाळली.

"वैनी, त्या दुपारी नमाज झाला, दुवा मागायला हात उचलले... तेव्हा ती बांगडी हातातच धरली होती. पोरीचं नाव घेत होते. पण मनातल्या मनात हां! घरात तर कोणीच नव्हतं."

"किती वाजता?"

"दीड वाजला असंल."

कुठे खोडाळा, कुठे जव्हार! डॉक्टर म्हणतात, तापात भास होतात. होत असतील, पण भासाला बांगडी कशी सापडली?

आणि एक गोष्ट मी हमीदाला सांगितली नाही, यांनाही नाही. बांगडीचं बोलून झाल्यावर तनूने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तू कधी आलीस?"