जगाच्या ठरावाची नक्कल

रोज पोस्टात येणारी आणि उभ्या जन्मात एकही पत्र न आलेली बाई अख्ख्या जगात एकच असेल, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला यावी! धानोऱ्याच्या पुढं, जंगलातल्या एका गावी मी पोस्टमास्तर होतो, तेव्हाची ही दाईबाई. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, मग तिला आवरणार कोण? "जयभीम, मास्तर," म्हणत खिडकीत कोपर टेकायची ती थैली उघडेपर्यंत हलायची नाही.

तिला वेड एकच, नकलेचं. कधी काळी कुठल्याशा कचेरीनं 'शिक्क्याची नक्कल आण' म्हणून तिला खेटे घालायला लावले होते. तेव्हापासून कागदावाचून शब्दावर आणि शिक्क्यावाचून कागदावर तिचा विश्वास उडाला तो उडालाच. एका पुढाऱ्यानं भाषणात पूल देऊन टाकला, तर ही भर सभेत उभी! "नक्कल द्या, भाऊ." रेडिओनं पाऊस सांगितला तरी हिचं तेच. आम्ही पोट धरून हसायचो.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याच रेडिओवर तिनं ऐकलं, की आफ्रिकेत जगभरच्या बाया जमल्या आणि बायकांना होणारी मारहाण सरकारांनी थांबवावी असं ठरलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत हजर.

"मास्तर, त्या ठरावाची नक्कल पायजे मले."

तिच्या शेजारची सून नवऱ्याचा मार खात होती. बाई तिला घेऊन दोनदा ठाण्यात गेली, आणि दोन्ही वेळा जमादारानं 'घरचा मामला' म्हणून वाटेला लावलं.

"अहो बाई, तो ठराव जगाचा," मी म्हणालो.

"मंग? आपलं गाव जगाच्या बाहेर हाय का?"

मी दिल्लीला, युनोच्या कचेरीला पत्र धाडलं. आणि काय सांगू, दिवाळीनंतर खरंच एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका आली! बाईनं ती उलटसुलट पाहिली.

"शिक्का कुठी हाय?"

मी हसणार होतो. पण तिच्या मागं ती सून उभी होती, एक डोळा सुजून मिटलेला. मला माझीच लाज वाटली. टपालाखेरीज कशावरही मारू नये तो तारखेचा शिक्का मी उचलला आणि पहिल्याच पानावर हाणला.

इंग्रजी वाचायला म्हणून त्या दोघींबरोबर ठाण्यात मीही गेलो. जमादारानं पानं चाळली, शिक्का निरखला. "हे काय आणलं, बाई?"

"जगाचा ठराव. घरचा मामला नाई म्हणते. तुमी मानत नसान त तसं लिहून द्या. शिक्का मारून."

नकार लिहून द्यायचा? जमादारानं पुस्तिका मिटून बाजूला सारली. मग त्यानं रजिस्टर ओढलं आणि त्या पोरीला विचारलं, "नाव सांग."

परतताना बाई म्हणाली, "मास्तर, त्या बायाईले कागद लिवा. म्हणा, तुमचा ठराव इथी पोचला. एकीचं नाव लिवून घेतलं."

"त्यांना मराठी कुठून येणार?"

"हजारो बाया व्हत्या म्हणते. एकीले त वाचता येईन."

मी लिहिलं, तिच्याच बोलीत, जसंच्या तसं, आणि युनोच्या त्याच पत्त्यावर धाडलं. बाईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते पत्र कुणाला वाचता आलं की नाही, कोण जाणे.