हसरा फोटो
आज वसुबारस. भिंतीवरचे फोटो पुसताना सासऱ्यांच्या तसबिरीचा चंदनी हार हातात आला आणि लेकीची मालिका आठवली. चित्रीकरण त्र्यंबक रस्त्यावरच्या बंगल्यात चालायचं. मालिकेत ती नायिकेची धाकटी बहीण होती. त्यासाठी मी तिला नववीतून शाळा सोडायला लावली होती. "ताई, हिचा हसरा फोटो द्या, मोठा करून भिंतीवर लावायचाय," प्रॉडक्शनवाला म्हणाला. भूमिका वाढली असं समजून मी बिल्डिंगभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सेटवर त्या फोटोला हार घातलेला, समोर उदबत्ती. मेकअप करून आलेली लेक म्हणाली, "आई, मी मेले का गं?" "अपघात दाखवलाय, ताई. उद्यापासून नका येऊ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन वेण्या घातल्या आणि तिला परत वर्गात घ्या म्हणून मुख्याध्यापिकेच्या दाराबाहेर उभी राहिले.